मदत हवी आहे: जर्मन सासरी उन्हाळ्याची सुट्टी, स्वयंपाकाचं काय करू?

जर्मनसून
नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय. यंदा उन्हाळ्यात सात आठवडे सासरी जर्मनीला जातोय, मी आणि लेक (वय ७). नवरा पहिले दहा दिवस असेल, मग त्याला रजा नाही म्हणून तो पुण्याला परत, पुढे मी, लेक आणि सासूसासरे. माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. पण तिकडे रात्रीचं जेवण म्हणजे ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या, संपलं. रोज. दहा दिवस मजा वाटते हो, सात आठवडे नाही जमणार, आणि लेक तिसऱ्या दिवशी वरणभात मागायला लागते. तिथे मला स्वयंपाक करता येत नाही. तर न शिजवता, किंवा खोलीत छोटा राइस कुकर लावून वगैरे काय काय करता येईल ते सांगा. 'जुळवून घे' असं कृपया सांगू नका, ते आईने सांगून झालंय. जरा लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात बॅगा भरायच्यात.

नेकरकाठचा
थोडी माहिती द्या म्हणजे नीट सांगता येईल. गाव कुठलं, निदान राज्य कुठलं? नक्की कधी जाताय? शाकाहारी का? शेगडी इंडक्शन आहे की साधी काचेची? भारतातून ॲल्युमिनियमचा कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर तो चालणार नाही, आधीच सांगतो. मी स्वतः ही चूक केलीय, अडीच किलोचं वजन उगाच वाहिलं.

ठाणेकर७१
ताई, व्हिसाचं बघितलंत का? शेंगेनचा नियम म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. लोक पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस मोजायला विसरतात आणि मग विमानतळावर रडतात. तसंच मुलीचा पासपोर्ट कुठला? जर्मन असेल तर परत येताना भारताचा व्हिसा नाहीतर ओसीआय लागेल.

जर्मनसून
काका, व्हिसा आहे, मुलीचं ओसीआय आहे, लग्नाला नऊ वर्षं झालीत. मी जेवणाचं विचारलंय!! आणि शेगडी काचेची आहे, काळी, त्याहून जास्त मला माहीत नाही, मी त्या शेगडीशी उभी कुठे राहते.

म्युनिकर
माझा अनुभव सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये ३५ अंशांपर्यंत पारा जातो आणि घरांना एसी सोडाच, पंखेसुद्धा नसतात. पहिलं काम म्हणजे एक टेबलफॅन विकत घ्या. सकाळी आठलाच खिडक्यांचे रोलर शटर खाली. दुपारी मुलीला घेऊन गावातल्या उघड्या पोहण्याच्या तलावावर जा, तिथे फ्रेंच फ्राईज मिळतात, तेच जेवण. आमचा पोरगा दोन महिने त्यावर जगला.

जर्मनसून
जुलै-ऑगस्ट कुठून आला? शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होते ना. उन्हाळा म्हणजे आपला उन्हाळा, २५ एप्रिल ते १२ जून. गाव नैऋत्य जर्मनीतल्या श्वेबिश आल्बच्या पठारावर, रॉयटलिंगन शहराच्या वरच्या अंगाला.

नेकरकाठचा
अहो मग हे आधी सांगायचं ना! आल्बवर एप्रिल म्हणजे उन्हाळा नव्हे. आमच्याकडे म्हणच आहे की आल्बवर नेहमी एक कोट जास्त लागतो. ११ ते १५ मे हे तर 'बर्फाळ संतांचे' दिवस, ते उलटेपर्यंत जुनी माणसं टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. लेकीचे लोकरीचे कपडे घ्या, म्युनिकरसाहेबांचा टेबलफॅन राहू द्या.

म्युनिकर
प्रश्नात 'उन्हाळा' लिहिलं होतं. मी मनकवडा नाही.

कढीलिंब
जेवणाचं मी सांगते, ११ वर्षं झाली मला इथे. क्वार्क म्हणजे आपला चक्काच, ४० टक्के फॅटवालं घ्या, साखर, वेलची, केशर घातलं की अर्ध्या तासात श्रीखंड. ताक म्हणून बुटरमिल्ख, कढी छान होते. रव्यासाठी वाइखवाइत्सन ग्रीस (हार्टवाइत्सन जाड असतो, उपम्याला बरा). ४०५ नंबरचं पीठ हा मैदा, पोळ्यांसाठी १०५० घ्या आणि थोडं फोलकोर्न (कोंड्यासकट दळलेलं पीठ) मिसळा. बुटरश्माल्झ नावाने मिळतं ते तूप, पण वास आपल्या तुपासारखा येत नाही, त्यापेक्षा लोणी आणून घरी कढवा. आणि हो, मेमध्ये रुबार्ब येतो, लालसर देठांची भाजी, आंबट ढाण असतो, त्याचा गूळ-मेथी घालून मेथांबा करा, कैरीची आठवण येणार नाही. रुबार्ब आणि पांढरा श्पार्गेल (ॲस्परॅगस) दोन्हींचा हंगाम २४ जूनला संपतो, तुम्हाला पुरेपूर मिळेल.

जर्मनसून
कढीलिंब, सगळं लिहून घेतलं, पण कढवायचं कुठे, मेथांबा शिजवायचा कुठे? तोच तर प्रश्न आहे ना.

ठाणेकर७१
आंबे नेता येतील का? हापूसची एक पेटी नेली तर सासरचे खूश होतील. आणि बरोबर घरचं तूप.

नेकरकाठचा
नाही. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, तूप, पेढे, पनीर सगळं त्यात आलं. ताज्या फळांना भारतातलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियनला. ताजा कढीपत्ताही नको. डाळी, मसाले, हिंग, पापड, लोणचं खुशाल न्या.

हॅम्बुर्गची_मावशी
मी २६ वर्षं इथे आहे आणि माझं स्पष्ट मत, सात आठवडे माणूस काय वाटेल ते खाऊ शकतो. त्यांची पद्धत आहे, दुपारी बाराला गरम जेवण, संध्याकाळी ब्रेड. तू तिथे पाहुणी नाहीस, सून आहेस, त्यांच्यात बस, त्यांचं खा. पोरगी पण शिकेल. मी आले तेव्हा कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती, मेले का मी?

म्युनिकर
मावशी, तिने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की 'जुळवून घे' सांगू नका.

हॅम्बुर्गची_मावशी
वाचलंय मी. म्हणूनच सांगितलं.

म्युनिकर
आणि सून आहे म्हणूनच तिचा त्या स्वयंपाकघरावर हक्क आहे. नवऱ्याने स्पष्ट बोलायला हवं. माझी बायको पहिल्या दिवसापासून माझ्या सासुरवाडीत, म्हणजे तिच्या माहेरी, माझ्यासाठी एक बर्नर राखून ठेवायला लावते. तुम्ही उत्तरेकडची माणसं सगळं मनात ठेवता.

हॅम्बुर्गची_मावशी
तुमच्या म्युनिकमध्ये सकाळी बाराच्या आत पांढरी सॉसेज संपवायची असतात, तुम्ही आम्हाला पद्धती शिकवू नका. असो. ए सुने, तू एक सांग, 'स्वयंपाक करता येत नाही' म्हणजे काय? सासू नाही म्हणाली का? कोणत्या शब्दांत?

जर्मनसून
सासू म्हणाली असं नाही. नवरा म्हणाला, मम्माच्या घरी नको शिजवूस, तिला वास सहन होत नाही. मी मग विषयच काढला नाही. त्यानंतर दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा दहा-बारा दिवसच होते त्यामुळे चाललं.

नेकरकाठचा
'त्यानंतर' म्हणजे कशानंतर?

टवाळ
आता कशी गाडी रुळावर आली. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जर्मनसून
काही नाही हो, पहिल्या खेपेला मी एकदा संध्याकाळी सुकट भाजली होती. माझं माहेर मालवणचं. आईने मूठभर दिलेली. चटणी केली, खाल्ली, संपलं. सासू तेव्हा एक शब्दही बोलली नाही, फक्त सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेर चार अंश तापमान होतं. दुसऱ्या दिवशी दारापाशी टांगलेले घरातले सगळे कोट बागेत दोरीवर वाळत होते. सासऱ्यांचा चर्चला जायचा पण.

टवाळ
🙏🙏🙏 सुकट. बंद घरात. एप्रिलमध्ये. चर्चच्या कोटावर.

कढीलिंब
अगं बाई! आणि आम्ही इतका वेळ तुला शाकाहारी समजून श्रीखंड सांगतोय. ताई, सुकट तर पुण्यात शेजारी भाजली तरी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो.

हॅम्बुर्गची_मावशी
हे मात्र मी जोरात हसले. बंदरातली बाई आहे मी, मला वासाचं काही नाही, पण आल्बवरच्या माणसाने जन्मात सुकट पाहिली नसेल. तिला वाटलं असेल घरात काहीतरी मेलंय.

नेकरकाठचा
गंमत म्हणजे कस्टमचा नियम बघा, चमचाभर तूप नेलं तर जप्त, पण मासे माणशी २० किलोपर्यंत चालतात, सुके धरून. म्हणजे तुमच्यावर बंदी कायद्याने नाही, फक्त कोटांमुळे आहे.
आता मुद्द्याचं. सासूने फोडणीला नाही म्हटलेलंच नाही. तिला सुकटीचा त्रास झाला, नवऱ्याने त्याचं 'स्वयंपाक बंद' असं भाषांतर केलं. आपण पुरुष असेच, भांडण नको म्हणून दोन्हीकडे अर्धं सांगतो. तुम्ही थेट तिला विचारा, जर्मन माणसाला सरळ प्रश्नाचा राग येत नाही. दोन-तीन गोष्टी आधीच कबूल करा, कोट आत कपाटात ठेवायचे, स्वयंपाकघराचं दार लावायचं, शिजवून झालं की दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या. धुराचा अलार्म कुठे आहे ते बघून ठेवा, इथे घराघरात तो सक्तीचा आहे, मोहरी जळली की पॅसेजमधला वाजतो. आणि बागेत गॅसचा ग्रिल असेल तर बऱ्याचदा त्याला बाजूला एक शेगडी असते. फोडण्या आणि मासे बाहेर. मी गेली सहा वर्षं असंच करतो, शेजारी वरून डोकावून विचारतात आज काय.

ठाणेकर७१
खोलीत राइस कुकर लावायचा असेल तर पिन इथली चालते का? आपला तीन पिनांचा प्लग तिकडे बसत नाही.

कढीलिंब
कशाला कुकर न्यायचा, सासूकडे श्नेलकोखटोप्फ, म्हणजे तिकडचा प्रेशर कुकर, नक्की असणार. श्वाबन, म्हणजे त्या भागातल्या लोकांच्या घरात नसेल तर आश्चर्य, गाइसलिंगनची ती मोठी भांड्यांची कंपनी तर त्यांच्या शेजारचीच. फक्त त्याला शिट्टी नसते, दांडी वर येते आणि तिच्यावर रेघा दिसतात. मी पहिल्यांदा शिट्टीची वाट बघत डाळीची पेस्ट केली होती.

नेकरकाठचा
आणि वरणाचं म्हणाल तर तुमच्या सासूला डाळ शिकवायची गरजच नाही. लिन्झन मिट श्पेत्झले हे श्वाबनांचं घरोघरचं जेवण, म्हणजे मसूर आणि जाड शेवयांसारखे श्पेत्झले, वरून व्हिनेगर. आल्बवर मसूर पूर्वी पिकायचा, मग विसाव्या शतकाच्या मध्यात शेती बंद पडली आणि जुनं बियाणंच नाहीसं झालं. २००६ साली ते सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात सापडलं, आता परत पेरतात, 'आल्ब-लाइझा' नावाने मिळतो. सासूला म्हणा, तुमची आमटी मला शिकवा. मग तुमची तिला. त्याबरोबर सॉसेज असतं, ते वेगळं वाढायला सांगा, नको असेल तर.

म्युनिकर
अवांतर: मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मुलीला एक दिवस स्टुटगार्टला न्या. महिन्याचा डॉइचलँड तिकीट आता ६३ युरो आहे, सगळ्या लोकल गाड्या आणि बस त्यात. फक्त ते सबस्क्रिप्शन असतं, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाहीत तर पुढच्या महिन्याचेही कापतात. माझे कापलेत.

हॅम्बुर्गची_मावशी
रविवारी दुकानं बंद असतात हे तिला कोणी सांगितलंच नाही. शनिवारी दुपारीच दूध, कोथिंबीर आणून ठेव. हिरवी मिरची तुर्की दुकानात. आणि फोन कर सासूला, इथे काय लिहित बसलीस.

जर्मनसून
मावशी, केला. (तुमचं ऐकून नाही, नेकरकाठचा यांचं वाचून. बरं, थोडं तुमचंही.) माझं जर्मन मोडकंतोडकं आणि तिची बोली श्वेबिश, त्यामुळे लेक मध्ये दुभाषी. मी विचारलं की मी संध्याकाळी थोडं शिजवलं तर चालेल का. तर ओमा (म्हणजे सासू, लेकीची आजी) म्हणाली, मला वाटलं तुला आमच्याकडे ब्रेडच आवडतो, तू दर वेळी 'छान' म्हणतेस. मग थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग म्हणाली, बाराचं जेवण मी करणार, त्यात कोणी यायचं नाही, पाचनंतर स्वयंपाकघर तुझं, सातला ओटा पुसलेला हवा. 'ते छोटे मासे' मात्र बाहेर ग्रिलवर, आणि मंगळवार सोडून, कारण मंगळवारी शेजारीण कपडे वाळत घालते. हे सगळं तिने तिकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकलं, त्याचा फोटो पाठवलाय, मंगळवारी छोटा मासा काढून त्यावर फुली.
नवरा जरा खट्टू झालाय, म्हणे मी दोघींना सांभाळत होतो.

टवाळ
मंगळवारी मासा नाही. हिंदूंचं सगळं व्यवस्थित पाळते हो तुमची सासू.

कढीलिंब
किती छान! मोहरी काळी तिकडूनच आण, इथल्या सुपरमार्केटमध्ये पिवळी मिळते आणि तडतडली तरी ती चव नाही.

जर्मनसून
पाव किलो पुरेल का? आणि सुकट किती नेऊ, २० किलोचा विनोद नको. ओपांनी (सासऱ्यांनी) फोन ठेवताना मागून विचारलं म्हणे की ती लाल चटणी परत होणार का, त्यांनी तेव्हा रात्री उठून डबा संपवला होता. हे मला आज कळतंय.

ठाणेकर७१
ताई, भाच्याला जर्मनीत ऑस्बिल्डुंग (व्यवसाय-प्रशिक्षण) करायचं आहे, बारावी झालीय, जर्मन भाषेची बी-वन लेव्हल चालू आहे. तुमच्या मिस्टरांना विचारून सांगाल का? आंब्याचं मात्र मला अजून पटत नाही.