मदत हवी आहे: थर्मोस्टॅटची कुठली वायर कुठे?

उंबरठा: जुना थर्मोस्टॅट काढून हातात आहे. वायरी कुठे होत्या त्याचा फोटो काढायचा राहिला. नव्यावर नुसतं १ आणि २ लिहिलंय. सकाळी आंघोळीला गरम पाणी हवंय, पटकन सांगा.

चकटफू: कशाचा? एसी, फ्रीज, इस्त्री?

उंबरठा: आंघोळ म्हटलं ना! गिझर. २५ लिटर.

तारतम्य: मोकळ्या वायरी किती? आणि वीज बंद आहे ना?

उंबरठा: दोन. हिरवी आहे तिथेच आहे, बॉडीला. स्विच बंद केलाय.

तारतम्य: स्विच नाही, एमसीबी (मुख्य बोर्डावरचा खटका) पाडा. स्विच चुकून न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसवलेला असेल तर तो बंद करूनही आत फेज येतच राहतो. टेस्टर लावून बघा, मग हात घाला.

जुनाजाणता: आधी टाकी रिकामी करा.

तारतम्य: कशाला? थर्मोस्टॅटची काठी कोरड्या नळीत बसते, पाण्याला लागत नाही. एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) काढायचं असेल तर रिकामी करतात.

जुनाजाणता: मी वीस वर्षं रिकामी करूनच काम करतोय.

चकटफू: म्हणून वीस वर्षं लागली.

सूर्यफूल: सोलर बसवा, कटकटच मिटेल.

उंबरठा: रात्री साडेदहाला? वायरींचं सांगा कुणीतरी!!

तारतम्य: दोनच टोकं म्हणजे तो नुसता तापमानावर चालणारा स्विच, उलटसुलट लावलं तरी चालतं. स्क्रू मात्र करकचून आवळा. २००० वॅटला पावणेनऊ अँपिअर जातात, सैल राहिला तर टोक जळतं. पण बिघाड थर्मोस्टॅटचाच, हे कशावरून?

उंबरठा: पाणी तापतच नाही. त्याआधी दोन दिवस नुसतं उकळत होतं.

तारतम्य: हे आत्ता सांगताय! थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटून वीज चालूच राहिली असणार, म्हणून उकळलं. मग कटआउट (पाणी फारच तापलं की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) पडला आणि सगळंच बंद. थर्मोस्टॅट बदललात ते बरोबरच, पण कटआउटचं बारीक बटण दाबल्याशिवाय गिझर चालू होणार नाही. मल्टीमीटर असेल तर एलिमेंटही तपासा, २००० वॅटचं असेल तर साधारण २६ ओहम दाखवेल.

जुनाजाणता: कटआउट वगळून वायरी सरळ जोडून टाका, आम्ही तेच करतो.

तारतम्य: अजिबात नको! पुन्हा कॉन्टॅक्ट चिकटले तर पाणी उकळत राहील आणि वाफेचा दाब वाढेल. मग सगळा भार एका सेफ्टी व्हॉल्व्हवर, आणि तो क्षाराने जाम झालेला असला तर टाकी फुटते.

मोगरा१२: तसंही फार गरम पाण्याने केस कोरडे होतात.

उंबरठा: मीटर नाही. बटण सापडलं, टिक् झालं. झाकण लावून एमसीबी चढवला, दिवा लागला. थर्मोस्टॅट ४५ अंशांवर ठेवलाय.

तारतम्य: ६० ठेवा, नळाला गार पाणी मिसळा. ४५ च्या खाली लिजिओनेला जिवाणू वाढतात.

जुनाजाणता: ६० वर क्षार जास्त धरतो.

उंबरठा: तुम्ही दोघं ठरवा, मी झोपतो.