जनशिक्षक बदलले म्हणून प्रशिक्षण अडत नाही

ताई, जनशिक्षक (आपल्या मध्य प्रदेशात आसपासच्या शाळांना शैक्षणिक मदत करणारे) मूळ शाळेत परत गेले, नवे कोण ते कळेना, आता आमच्या प्रशिक्षणाचं काय, असं तुम्ही विचारलंय. अहो, जनशिक्षक शिक्षकांतूनच प्रतिनियुक्तीवर येतात. माणूस बदलतो, प्रशिक्षणं भोपाळचं राज्य शिक्षा केंद्र ठरवतं. इंदूरला बिजलपूरचं डाएट, म्हणजे जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था, आहेच.

दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कोर्ससाठी कुणाची वाट बघू नका. फक्त कोर्स सुरू करायच्या आधी प्रोफाइलमधलं नाव सेवापुस्तकाप्रमाणे आहे ना, ते बघा; प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. शेवटच्या प्रश्नमंजूषेत ७० टक्के गुण लागतात. व्हिडिओ चालू ठेवून पोळ्या लाटणाऱ्या मंडळींची (आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे!) तिथेच दांडी उडते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे, तेव्हा हिशोब ठेवलेला बरा.

तरी माझं मत विचाराल तर समोरासमोरच्या वर्गाची सर मोबाइलला नाही. पहिलीतल्या पोराला 'क' आणि 'फ' वेगळे कसे दाखवायचे, हे शेजारच्या बाकावरच्या बाईंकडून जास्त कळतं. नवे जनशिक्षक आले की महिन्याच्या शैक्षिक संवादात (शिक्षकांच्या बैठकीत) असा एक तास मागूनच घ्या.