फोटोत झकास दिसणारा फ्लॅट: आईला घेऊन चार रात्री राहावं का?

सुटकेसवाली
आईला घेऊन परक्या शहरात चार रात्री राहायचंय. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा अख्खा फ्लॅट बरा म्हणून शोधत होते, तर सगळ्यात चलती असलेल्या वस्तीत एक सापडला. उघड्या विटांची भिंत, हिरवी मखमली खुर्ची, खिडकीत लोंबती झाडं. रेटिंग ४.८. आईचे गुडघे दुखतात आणि झोप सावध. पंचवीस फोटो आहेत, पण बिछाना एकातही धड दिसत नाही. मी उगाच संशय घेतेय का?

झोपमोडे
अजिबात उगाच नाही. अशाच एका फ्लॅटमध्ये तीन रात्री काढल्यात, म्हणून सांगतो: बिछाना दिसत नसेल तर तो बहुतेक पोटमाळ्यावर आहे. आमचा होता. वर जायला जिना नाही, शिडी. कठड्याचा पत्ता नाही. रात्री दोनला बाथरूमला जायचं तर पाठमोरं उतरायचं, एका हातात मोबाईलचा टॉर्च. वर उठून बसलं की डोकं छताला. गरम हवा वर जाते हे शाळेत पाठ केलं होतं, ते तिथे अंगाने कळलं.

बाथरूमला काचेची भिंत. दुधी काच, पण कमरेपर्यंतच. बायको बरोबर होती म्हणून हसण्यावारी नेलं. आई असती तर मी जिन्यात जाऊन बसलो असतो.

खाली बार. गाणी वेळेत बंद व्हायची, तक्रारीला जागा नाही. खरा छळ त्यानंतर. निरोप घेणारी मंडळी दारात अर्धा अर्धा तास उभी, मग रिकाम्या बाटल्या पिंपात ओतल्याचा खळखळाट, मग पहाटे कचऱ्याची गाडी. उशाशी एका सुबक काचेच्या बरणीत रंगीत गोळ्या होत्या. मला शोभेची वस्तू वाटली. तिसऱ्या रात्री कळलं, ते कानात घालायचे बोळे होते.

४.८ वर जाऊ नका, निम्म्या फ्लॅटना तेवढे असतातच. कमी तारेवाले रिव्ह्यू आधी वाचा. ‘चैतन्यमय परिसर’ म्हणजे झोपेचं खोबरं, आणि ‘छोटंसं पण गोड’ म्हणजे बॅग बाहेर पॅसेजमध्ये उघडायची.

तिसरामजला
झोपमोडे, बरणी वाचून फुटलो.
फोटो वाइड अँगलने काढलेले असतात, हेही बघा. कडेला टांगलेला गोल दिवा अंड्यासारखा ताणलेला दिसला, तर खोलीची लांबी-रुंदी मनातल्या मनात कमी करायची. लिफ्ट आहे का ते विचाराच, आणि मजला विचारताना ‘रस्त्यापासून किती पायऱ्या’ असं विचारा. काही देशांत तळमजल्यालाच पहिला म्हणतात.
शिवाय नोंदणी क्रमांक. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणी लागते आणि यजमानाने स्वतः त्याच घरात राहावं लागतं. बार्सिलोनाने तर पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत बंद करायचं जाहीर केलंय. तुमच्या शहराचा नियम बघून घ्या, नाहीतर ऐनवेळी बुकिंग रद्द होऊन बॅगांसकट रस्त्यावर.

सुटकेसवाली
दोघांचे आभार. होस्टला तीनच प्रश्न पाठवले: बिछाना कुठे, त्याच्या जवळची खिडकी कुठे उघडते, बाथरूमला दार आहे का. दहा मिनिटांत उत्तर आलं. खिडकी आणि दाराबद्दल अवाक्षर नाही. बिछाना वर आहे, पण ‘शिडी जुन्या सागवानाची आहे, पाहुण्यांना फार आवडते’. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग मी शिडीवरच झोपते.”

दोन गल्ल्या मागे दुसरा घेतलाय. सोफा तपकिरी, पडदे दवाखान्यातल्यासारखे. बाथरूमच्या कडीचा फोटो मात्र आधी मागवून घेतला.