बारावी कॉमर्सनंतर बीबीए सीए: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-३०२ वहिनी: कालपासून लिफ्टमध्ये जो तो विचारतोय, कॉमर्सच्या मुलीला कॉम्प्युटरला का घालता? एकदाच सांगते, ती बीबीए सीएला (कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन) जाणार आहे. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी लिहा. नुसतं "विचार करा" नको.

ए-१०१ काका: वहिनी, रागावू नका. पण इंजिनिअरिंगच करावं. कंपन्या बीई बघतात.

बी-५०४: काका, तिला फिजिक्स नाही. वहिनी, सीईटीचा फॉर्म भरलात ना? २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत आले, म्हणून सीईटी. त्या वर्षीचा पेपर १०० प्रश्न, ९० मिनिटं: इंग्रजी ४०, रिझनिंग ३०, जीके १५, कॉम्प्युटर १५. निगेटिव्ह मार्किंग नव्हतं. तिला एकही प्रश्न कोरा सोडू देऊ नका.

ए-१०१ काका: इंजिनिअरिंगच करावं, एवढंच माझं म्हणणं.

सी-२०३: काही कॉलेजांनी सीईटी टाळायला कोर्सची नावंच बदलली. त्यामुळे नाव नको, सिलॅबस बघा. डेटाबेस, सिस्टिम अ‍ॅनालिसिस, कॉस्टिंग आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असलाच पाहिजे.

खजिनदार: यात अकाउंट्सचा संबंध काय? टॅली दोन महिन्यांत येतं.

सी-२०३: टॅली येणं वेगळं, साहेब. पर्चेस ऑर्डर १०० नगांची, स्टोअरला आवक ९६, बिल मात्र १०० चं. ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशोब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) तिन्ही कागद जुळवून पेमेंट अडवतं. किती फरक चालवून घ्यायचा, अडलेलं बिल कोणी सोडायचं, हे सिस्टिममध्ये बसवायला माणूस लागतो. नुसत्या प्रोग्रामरला जीआरएन (मालाच्या आवकेची नोंद) कळत नाही आणि नुसत्या अकाउंटंटला डेटाबेसचं टेबल.

बी-५०४: शिवाय व्हेंडर मास्टर, म्हणजे पुरवठादारांची यादी. एकच पुरवठादार "श्री गणेश" आणि "श्रीगणेश" असा दोनदा चढला की तेच बिल दोन्ही कोडवर पास होतं, कारण डुप्लिकेट बिलाची तपासणी व्हेंडर कोडवर चालते. म्हणून जीएसटीआयएनवर (जीएसटी नंबर) रोखायचं. १५ अक्षरं: पहिली २ राज्याची, महाराष्ट्राची २७, पुढची १० पॅनची. पॅन जुळला की पार्टी एकच.

ए-४०२: हे सगळं छान, पण आमचं मेंटेनन्स ३,००० चं ६,००० कसं झालं? दोन गाड्या आहेत म्हणून? गेल्या महिन्यातही विचारलं होतं.

खजिनदार: मॅडम, शीटमधून जे आलं तेच पाठवलं. मनाने काही लावलेलं नाही.

सी-२०३: फ्लॅटची यादी पार्किंगच्या यादीशी जोडली असणार. दोन गाड्या म्हणजे त्या फ्लॅटच्या दोन ओळी, मग मेंटेनन्स दोनदा बेरजेत येतं. आधी पार्किंगची फ्लॅटनिहाय बेरीज, मग जोडणी. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकताना हमखास चुकतं ते इथेच. इंटरव्ह्यूलाही विचारतात.

सेक्रेटरी: खजिनदारांनी दुरुस्त बिल काढावं. कृपया पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये.

ए-४०२: मीटिंगला कोरम झाला तर!

ए-१०१ काका: म्हणूनच म्हणतो, इंजिनिअरिंगच करावं.

बी-३०२ वहिनी: काका 🙏 तुमचं म्हणणं पोचलं. पुढे एमसीए होईल का?

बी-५०४: होईल, दोन वर्षांचं. बीसीएवरून जाता येतं. इतर पदव्यांना बारावीत किंवा पदवीत गणित असलेलं बरं, त्यामुळे कॉलेजच्या सिलॅबसमध्ये गणिताचा पेपर आहे का, ते आधी बघा. आणि सुट्टीत तिला कॉम्प्युटरवर एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) टाकून द्या, फुकट आहे. चार टेबलं: ग्राहक, बिलं, बिलाच्या ओळी, पावत्या. ५० बिलं भरायची आणि ३० दिवसांवर थकलेली उधारी काढायची.

बी-३०२ वहिनी: ती विचारतेय, ३० दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे का?

सी-२०३: ड्यू डेटपासून, म्हणजे पैसे द्यायच्या शेवटच्या तारखेपासून. बिलाच्या टेबलात ड्यू डेटचा वेगळा रकाना ठेवायला सांगा. अर्धे पैसे आलेली बिलं इथे चुकतात. पूर्ण बिल थकीत दिसतं, नाहीतर पावती आहे म्हणून सगळंच गळतं. बिलनिहाय पावत्यांची बेरीज करून वजा करायची, बाकी शून्याच्या वर राहिली तरच दिवस मोजायचे.