बडोद्यात पाहुणे आले की थेट केवडिया? आधी शहर की आधी पुतळा?

रावपुरा_नाका (धागाकर्ता)

बदलीने किंवा नोकरीने मराठी माणूस बडोद्यात आला की वर्षाच्या आत पुण्या-नाशकाकडचे आईवडील, सासूसासरे, मावशी-काका यायला लागतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी सरदार पटेलांचा पुतळा बघायला केवडियाला सुटते. माझं म्हणणं सरळ आहे. पाहुणे दोन दिवस असतील तर केवडिया नको. तीन दिवस असतील तर तिसऱ्या दिवशी, तेही ज्यांना झेपेल त्यांनीच.

कारण हिशेबाचं आहे. केवडिया साधारण ९० किलोमीटर, जायला दोन तास, यायला दोन तास. गाडी पार्किंगला लावून पुढे बस. पुतळ्यातल्या गॅलरीचं तिकीट ठरलेल्या वेळेचं, म्हणजे नाश्त्याला उशीर झाला की सगळं पुढे सरकतं. संध्याकाळचा लेझर शो अंधार पडल्याशिवाय होत नाही, तो बघायचा तर घरी यायला साडेदहा-अकरा. दुसऱ्या दिवशी मंडळी पाय शेकत बसतात आणि दुपारची गाडी पकडतात. गायकवाडांचं बडोदं पाहायचं राहतं ते राहतंच.

माझा दोन दिवसांचा क्रम असा. पहिल्या दिवशी उघडल्या उघडल्या लक्ष्मी विलास पॅलेस. मेजर मँटने आराखडा केला, तो वारल्यावर चिझमने पुरा केला, १८९० साली. दरबार हॉलमधली बेल्जियमची रंगीत काच सकाळच्या उजेडात बघण्यासारखी असते. आत फोटो काढू देत नाहीत, हे मंडळींना आधीच सांगा, नाहीतर दारात वाद होतो. त्याच आवारात फतेहसिंह म्युझियम आहे, तिथे रविवर्म्याची चित्रं. सयाजीरावांनी दरबार हॉलसाठी त्याच्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली होती. बरेच लोक राजवाडा बघून थकतात आणि म्युझियम सोडून देतात, मग घरी येऊन विचारतात, रविवर्मा कुठे होता?

दुपारी घरी. चारनंतर न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी, सूरसागर तलाव. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबेकर वाडा, मग कीर्तिमंदिर आणि सयाजीबागेतलं म्युझियम. ते संध्याकाळी पाचला बंद होतं, म्हणून बागेत आधी पोरांना झुल्यावर सोडू नका.

भायलीकर

एकदम अमान्य. सहाशे किलोमीटरवरून आलेला माणूस १८२ मीटरचा पुतळा न बघता परत गेला तर गावाकडे पहिला प्रश्न काय येणार? "बडोद्याला जाऊन आलात, मग सरदारांचा पुतळा नाही बघितला?" आपल्याला तांबेकर वाड्याचं कौतुक आहे हे ठीक, पण सत्तरीच्या माणसाला जुन्या पोळेतल्या (मोहल्ल्यातल्या) गल्लीत, स्कूटरी चुकवत, काळोख्या जिन्याने वर नेऊन भित्तिचित्रं दाखवायची आणि म्हणायचं "बघा, १९ व्या शतकातली आहेत"? केवडियाला लिफ्ट आहे, सरकते पट्टे आहेत, व्हीलचेअर मिळते, स्वच्छ शौचालयं आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी केवडियाच सोपं आहे, जुनं शहर नाही. तुमचा हिशेब किलोमीटरचा आहे, माझा पायऱ्यांचा.

आणि अंधार पडेपर्यंत थांबायची सक्ती कोणी केली? पहिल्या वेळेची गॅलरी घ्या, धरणाचा व्ह्यू पॉइंट करा, जेवा, तीनला निघा. पाचला घरी चहा.

ताई_निझामपुरा

दोघंही वार विसरलात. राजवाडा सोमवारी बंद, केवडियाही सोमवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढून येणाऱ्या पाहुण्यांचा सगळा बेत इथेच फसतो. सोमवार असेल तर सयाजीबाग, सूरसागर आणि खरेदी एवढंच ठेवा, नाहीतर पावागडला जा. बाकी भांडण नंतर करा.

खंडेराव_मार्केट

भायलीकरांचा पायऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण तांबेकर वाड्यावर अन्याय होतोय. मराठा पद्धतीचा चौमजली लाकडी वाडा, दिवाण भाऊ तांबेकरांचा, आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. भिंतीवर रामायण, कृष्णलीला आणि शेजारीच इंग्रज-मराठा लढाई. लढाईत टोपीवाले इंग्रज आहेत, आणि त्यांचे चेहरे रंगवणाऱ्याने मजेत काढलेत. ज्यांना जिना जमत नाही त्यांना खाली थांबवा, बाकीच्यांनी अर्ध्या तासात बघून यायचं. सगळ्या कुटुंबाने सगळं एकत्रच बघायला हवं हा हट्ट कशाला?

एक व्यवहारी सूचना. रिक्षावाल्याला नुसतं "कीर्ति..." म्हणू नका. कीर्तिस्तंभ राजमहाल रोडच्या बाजूला, कीर्तिमंदिर विश्वामित्रीजवळ, सयाजीबागेच्या अंगाला. नवे लोक हमखास स्तंभाला उतरतात, तिथे बघायला काही नसतं आणि मग "एवढंच?" म्हणून घरी येतात. नंदलाल बोसांची भित्तिचित्रं कीर्तिमंदिरात आहेत: गंगावतरण, महाभारत, मीराबाई, नटीर पूजा. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहे, पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. आत जायच्या आधी बाहेर उभं राहून वर बघा.

निळा_रुमाल

सगळ्यांच्या याद्या वाचल्या. सयाजीबागेत म्युझियम आहे, ममी आहे, देवमाशाचा सांगाडा आहे, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच बागेतली संकल्पभूमी एकाच्याही यादीत नाही. २३ सप्टेंबर १९१७. बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून बाहेर काढलं, आणि ते या बागेतल्या झाडाखाली येऊन बसले. ज्याने त्यांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली त्याच संस्थानात. गायकवाडांचं बडोदं दाखवायचं तर हेही दाखवा. फुलांच्या घड्याळापाशी फोटो काढायला वीस मिनिटं असतात, इथे दहा काढा.

रावपुरा_नाका

ही चूक दाखवलीत ते बरं झालं. संकल्पभूमी दुसऱ्या दिवशीच्या सकाळी म्युझियमच्या आधी घालायला हवी.

भायलीकर, तीनला निघून पाचला चहा हे कागदावर. शनिवार-रविवारी गॅलरीची रांग तुमच्या वेळापत्रकाला विचारत नाही. आणि मे महिन्यात तिथल्या काँक्रीटवर दुपारी बारा ते चार काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात उलट: गॅलरीतून ढग दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मधला वार, पहिली वेळ, एवढं जुळलं तर मी विरोध करणार नाही.

फिरस्ता_कारेलीबाग

दोघांनाही विचारायचंय, पावागड-चांपानेर कुठे गेलं? ५० किलोमीटरच्या आत, युनेस्कोच्या यादीत २००४ पासून, आणि देवीदर्शनही. आईवडिलांना पुतळ्यापेक्षा कालिकामाता जवळची वाटते, हे मान्य करा. पण नीट करायचं तर क्रम असा: सकाळी लवकर वर, नंतर खाली चांपानेर. लोक उलटं करतात. आधी मशिदी बघत बसतात, अकराला माचीला (रोपवे सुटतो तिथे) पोचतात, रोपवेला रांग, आणि रोपवे उतरल्यावर पुढच्या पायऱ्या ऐन उन्हात. रोपवे म्हणजे देवळाच्या दारात उतरवतो असा गैरसमज आहे, वर पायऱ्या चढायच्या राहतातच. वारा जोराचा असेल किंवा देखभालीचं काम निघालं तर रोपवे बंदही असतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. रविवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा.

खालची जामी मशीद चारनंतर. गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागड घेतला आणि राजधानी इथे आणली, तेव्हाचं काम. खांबांवरची नक्षी तिरप्या उन्हात नीट दिसते. सूर्यास्ताला बंद होते, तेवढं लक्षात ठेवा.

भायलीकर

म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना पावागडच्या पायऱ्या चालतील, पण केवडियाची लिफ्ट नको. वा.

नवा_भाडेकरू

आम्ही नुकतेच आलोय, अजून घरच लागलं नाही, आणि जानेवारीत सासरचे येणार. मला तर वाटतं पहिलं वर्ष पाहुणे नकोच. स्वतःला रस्ते माहीत नसताना दुसऱ्याला काय दाखवायचं?

ताई_निझामपुरा

उलट. पाहुणे आले की माणूस शहर शिकतो. वर्षभर घर-ऑफिस-घर करणाऱ्यांना मांडवी कुठे ते माहीत नसतं. फक्त तयारी थोडी हवी.

एक, स्टेशन. सयाजीगंजची बाजू पूर्वेला, अलकापुरीची पश्चिमेला. घर गोत्री-वासणा-भायलीकडे असेल तर पाहुण्यांना आधीच सांगा की पुलावरून अलकापुरीच्या बाजूला उतरा. नाहीतर तुम्ही एका बाजूला, ते सामान घेऊन दुसऱ्या बाजूला, आणि पावसाळ्यात मधलं अलकापुरीचं गरनाळं (रुळांखालचा रस्ता) पाण्याने भरलेलं.

दोन, जानेवारी. १४-१५ ला उत्तरायण, पुण्यातली संक्रांत समजू नका. सगळं शहर गच्चीवर असतं, म्हणून त्या दोन दिवसांत कुठे नेण्याचा बेतच करू नका. गच्ची, उंधियू, जिलेबी, एवढंच. आधी-नंतरचे काही दिवस दुचाकीवर मांजा लागून गळे कापले जातात. हँडलला तारेची कमान लावून मिळते ती लावा, गळ्याला रुमाल गुंडाळा, लहान मूल पुढे उभं करू नका.

तीन, सासरच्यांपैकी कोणी "गाडीत एक बाटली आणतो" म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. दारूबंदी खरी आहे, हद्दीवर गाड्या तपासतात. बाहेरच्या राज्यातल्यांना परवाना काढता येतो, तो काढायचा नसेल तर गप्प छास प्या.

खंडेराव_मार्केट

नव्या भाडेकरूंसाठी अजून दोन गोष्टी, पाहुण्यांशी संबंध नसला तरी. विजेचं बिल इथे दोन महिन्यांचं येतं, पहिलं बघून दचकू नका आणि घरमालकाशी भांडू नका. आणि महाराष्ट्राच्या नंबरची गाडी कायमची इथे ठेवणार असाल तर १२ महिन्यांच्या आत नोंदणी बदलावी लागते. जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी आणा. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं पत्र लागतं, आणि बरेच महिने तिथेच जातात. इथे कर भरल्यावर तिकडच्या उरलेल्या कराचा परतावा मागता येतो. लोक मागत नाहीत.

तरी_वेगळी_द्या

खाण्यावर कोणीच बोलत नाही म्हणून. सेवउसळ म्हणजे मिसळ नाही, हे पुण्याच्या माणसाला खायच्या आधी सांगा. मटकी नसते, वाटाणा असतो. तरी वाटीत वेगळी मागा, लसणाची चटणी त्याहून वेगळी, शेव सगळ्यात शेवटी घाला. पहिल्याच वेळी सगळी तरी ओतली की दुसऱ्या दिवसाचा राजवाडा रद्द. केवडियाच्या आदल्या रात्री तर अजिबात नको, दोन तास गाडीत बसायचंय.

परतीला बांधून द्यायचं तर भाकरवडी प्रवासात टिकते. लीलो चेवडो (ओला चिवडा) टिकत नाही, बटाटा आणि भिजवलेली डाळ असल्यामुळे त्यात ओलावा असतो. निघायच्या दिवशी सकाळी घ्या, बंद डब्यात कोंबून उन्हात ठेवू नका, आणि पोचल्यावर दोन-चार दिवसांत संपवा. "चिवडाच आहे" म्हणून फळीवर ठेवला की आंबतो. रावपुऱ्यातले दुलीरामचे पेढे मात्र न्याच.

नवा_भाडेकरू

नवरात्रात बोलवावं का मग?

ताई_निझामपुरा

गरबा बघायचा तर हो, शहर बघायचं तर नाही. रात्री जागरण, सकाळी कोणी उठत नाही. मोठ्या मैदानांचे खेळण्याचे पास आधीपासून काढावे लागतात, रिंगणात पारंपरिक कपडे लागतात, जीन्सवाल्याला आत सोडत नाहीत. ज्येष्ठांना सोसायटीतला गरबा पुरे, खुर्ची मिळते आणि आरतीला सगळे एकत्र येतात. कार्तिकी एकादशीला बोलावणं माझ्या मते जास्त चांगलं. विठ्ठल मंदिराचा वरघोडा (मिरवणूक) निघतो, हवा थंड असते, आणि मराठी म्हाताऱ्यांना गुजरातच्या रस्त्यावर विठोबाची पालखी बघून जे वाटतं ते पुतळ्याने होत नाही.

भायलीकर

पुन्हा पुतळाच मध्ये. बरं, मी एक पाऊल मागे येतो. केवडियाला जायचंच तर डभोईवरूनच जातात. तिथे एक तास द्या, म्हणजे रावपुरावाल्यांचा इतिहासही होईल.

रावपुरा_नाका

चालेल, पण नीट सांगा. डभोईच्या किल्ल्याला चार दरवाजे आहेत. बडोद्याकडून गेलं की पश्चिमेचा वडोदरी दरवाजा आधी लागतो. लोक तिथेच उतरून दोन फोटो काढतात आणि "बघितलं" म्हणून पुढे जातात. बघायची ती हिराभागोळ, म्हणजे गावाच्या पार पूर्वेचा दरवाजा. गावातल्या अरुंद रस्त्यातून मोठी गाडी नेऊ नका, ती बाहेरच लावा आणि रिक्षा करा. जातानाच करा, सकाळी पूर्वेकडून ऊन थेट कोरीव कामावर येतं. गॅलरीचं तिकीट मग पहिल्या वेळेचं नको, दुसऱ्या वेळेचं काढा.

भायलीकर

दुसऱ्या वेळेचं काढलं की तीनला निघणं गेलं.

रावपुरा_नाका

तेच तर म्हणतोय.