मदत हवी आहे : बर्फातल्या साखळ्या पुढच्या चाकांना लावायच्या की मागच्या?

राजारामपुरीकर
आम्ही परवा पहाटे कोल्हापुरातून स्वतःच्या गाडीने मनालीला निघत आहोत आणि तेथून अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जाण्याचा विचार आहे. बर्फ पडल्यावर साखळ्या नसलेल्या गाड्या पुढे सोडत नाहीत असे कळल्यामुळे साखळ्या मागवल्या, तर खोक्यातून दोनच निघाल्या आणि सोबतच्या कागदावर चिनी मजकूर व पुसट चित्रे आहेत. त्या पुढे लावायच्या की मागे, एवढेच कृपया सांगावे. ‘हिवाळ्यात तिकडे जाऊच नका’ हा सल्ला घरातून पुरेसा मिळालेला आहे.

शिरोली_वाहतूक
मागच्या चाकांना लावा. आमचे ट्रक शिरोलीहून कास्टिंग भरून जम्मू-श्रीनगरकडे जातात आणि बनिहालच्या पट्ट्यात बर्फ लागला की चालक मागेच साखळ्या बांधतात. गाडी ढकलतात ती मागची चाके, त्यामुळे यात दुसरे मत असण्याचे कारण नाही.

गिअरबॉक्स
दुसरे मत आहे, साहेब. ट्रकला मागून ताकद मिळते म्हणून तुमचे उत्तर ट्रकपुरते बरोबर आहे. परंतु आजकालच्या बहुतेक लहान मोटारींना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांतून मिळते आणि अशा गाडीच्या मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या तर पुढची चाके जागच्या जागी फिरत राहतील. ताई, गाडी कोणती, टायरचे माप काय आणि साखळीच्या खोक्यावर कोणते माप छापले आहे, हे सांगितल्याशिवाय कोणालाही नेमके उत्तर देता येणार नाही.

आंबा_घाट
एवढा खटाटोप कशासाठी, हे समजत नाही. मी आंबा घाट आणि गगनबावडा भर पावसात, दाट धुक्यात कितीतरी वेळा उतरलो आहे. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवावे आणि टायरमधली हवा थोडी कमी करावी, म्हणजे पकड आपोआप वाढते.

गिअरबॉक्स
धुक्यात दिसत नाही आणि बर्फावर पकड नसते; हे दोन निराळे प्रश्न आहेत. हवा कमी करण्याचा उपाय वाळूत उपयोगी पडतो, पण येथे तो उलटा पडेल, कारण मऊ पडलेल्या टायरवर साखळी सैल होऊन सरकते. शिवाय तापमान दहा अंशांनी उतरले की टायरचा दाब साधारण दोन पीएसआयने आपोआपच घटतो. मनालीत पोहोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, दाब मोजून कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणावा.

राजारामपुरीकर
गाडी साधी हॅचबॅक आहे. टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिले आहे. खोक्यावर बरेच आकडे आहेत, त्यांत २१५ ने सुरू होणारे दिसतात. आता तरी पुढे की मागे ते सांगाल का?

गिअरबॉक्स
आपल्याकडच्या जवळपास सगळ्या हॅचबॅकना ताकद पुढच्या चाकांतून मिळते, म्हणून पुढे. पण तुमचे माप त्या यादीत नसेल, तर ही साखळी तुमच्या टायरला सैल बसेल, आणि सैल साखळी फिरताना चाकाच्या आतल्या बाजूच्या ब्रेकच्या नळीवर व मडगार्डवर आपटते. यादी पुन्हा एकदा नीट वाचा. माप जुळत नसेल तर आजच परत करा. काही गाड्यांत टायर आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये साखळीपुरती जागाच नसते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतले टायरचे प्रकरणही पाहून घ्यावे.

शिरोली_वाहतूक
ट्रकबाबत माझेच बरोबर होते, हे नोंदवून ठेवतो. फक्त बारा चाकी गाडीत ‘मागे’ एवढे सांगून भागत नाही. ज्या अॅक्सलला क्राऊन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांना देणारा गिअर आहे, त्याच चाकांना साखळी लागते, ताकद न मिळणाऱ्या डमी अॅक्सलला बांधून काही उपयोग नाही. जोडटायर असतील तर निदान बाहेरच्या टायरला बांधावी.

रंकाळा_सायंकाळ
त्यापेक्षा मनालीतून फोर बाय फोर टॅक्सी करावी, साखळीची भानगडच राहत नाही.

गिअरबॉक्स
टॅक्सीचा सल्ला चांगला आहे, त्यामागचे कारण मात्र चुकीचे आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चढ चढते. पण उतारावर थांबायची वेळ आली की ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात आणि टायरची पकड जेवढी तेवढीच राहते. बोगद्याच्या तोंडाशी काळ्या डांबरावर काचेसारखा पातळ बर्फ जमतो तो दिसतही नाही, आणि तेथे फोर बाय फोरचा मालकही घसरतो.

हिमालय_सायकल
टंगमर्गहून गुलमर्गला जाताना साखळ्या चढवणारी मुले रस्त्याच्या कडेलाच उभी असतात, मनालीतही तशी सोय आहे. भाड्याची साखळी तेथेच तुमच्या टायरवर बसवून पाहता येते, म्हणून मी परक्या मापाची साखळी इथून वाहून नेणार नाही. स्वतः बसवायची असल्यास चाकामागची कडी आधी अडकवावी, मग बाहेरची, आणि ताण देऊन शे-दोनशे मीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळावी. पहिल्या चकरांत ती हमखास ढिली होते. वेग साखळीच्या खोक्यावर दिलेल्या मर्यादेत, साधारणपणे ताशी ३० ते ५० किलोमीटरच्या आत ठेवावा. बर्फ संपून डांबर लागले की काढून टाकावी, नाहीतर साखळी झिजते आणि तुटलेली कडी बॉडीवर बसते. पुढे साखळ्या आणि मागे काहीच नाही अशा गाडीचा मागचा भाग उतारावर जोरात ब्रेक दाबल्यास बाजूला सरकतो, हे चालवणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आंबा_घाट
आणि डिझेल गोठते, त्याचे काय? इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले होते. इकडचे डिझेल टाकीत घेऊन जाणे मला तरी योग्य वाटत नाही. मनालीच्या अलीकडे टाकी शक्य तेवढी रिकामी करून तिकडचे भरावे.

राजारामपुरीकर
गाडी पेट्रोलची आहे. यादी पुन्हा पाहिली, १८५ कोठेही नाही, त्यामुळे साखळ्या परत पाठवत आहे आणि मनालीत भाड्याने घेऊन पुढच्या चाकांना लावून घेऊ. आता एकच शंका उरली आहे : स्टेपनीचा टायर चारही टायरांपेक्षा अरुंद आहे. वाटेत पुढचा टायर पंक्चर झाला, तर साखळी कशावर चढवायची?

गिअरबॉक्स
मागचे एक चांगले चाक काढून पुढे बसवायचे, स्टेपनी मागे लावायची आणि साखळी पुढच्याच जोडीवर ठेवायची. जॅक बर्फात रुततो, म्हणून त्याच्याखाली ठेवायला एक जाड फळी डिकीत टाका.