फुकेतला आईचं मनगट मोडलं, भरपाई कुठे मागू?

मार्चमध्ये आईला फुकेतला नेलं होतं. बोटीच्या शिडीची पायरी निखळली, ती पडली, उजवं मनगट मोडलं. सहल पुण्यातल्या कंपनीची, बोटही त्यांनीच ठरवलेली. आता म्हणतात, बोटवाल्याशी बोला. आईला अजून पोळी लाटता येत नाही. थायलंडला खेटे घालायचे का?

— अजिबात नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत २ वर्षं.

— तिथल्या हॉस्पिटलचे कागद, बिलं जपा. शिडीचा फोटो आहे का? माझ्या बाबांच्या वेळी नव्हता, फार जड गेलं. प्रवास विम्याचा दावा नाकारला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी लागत नाही.

— फोटो आहे, भावाने काढलेला! सोमवारीच कंपनीला नोटीस पाठवते.